नायट्रोजन चढावरच आहे, घसरतो तो ऑक्सिजन

ऐरोलीच्या अकरावीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. आवर्तसारणीवरचे बाण तिला पाठ आहेत: डावीकडून उजवीकडे गेलं की अणुत्रिज्या कमी, आयनन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) जास्त, आणि वरून खाली आलं की उलट. तरी चाचणीत चार प्रश्न चुकले. नायट्रोजनची आयनन ऊर्जा ऑक्सिजनपेक्षा जास्त का? ४एस (इलेक्ट्रॉनांच्या चौथ्या कवचातली, म्हणजे थरातली, एस नावाची जागा) आधी भरतं, मग आधी रिकामंही तेच का होतं? इलेक्ट्रॉन घेताना क्लोरिन फ्लोरिनपेक्षा जास्त ऊर्जा का सोडतो? आणि गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली असून त्याच्यापेक्षा लहान कसा? क्लासमध्ये उत्तर मिळालं, "हे अपवाद आहेत, पाठ करा." तिचं म्हणणं, असे किती पाठ करायचे?

एकही नाही. बाणसुद्धा पाठ करायची गरज नाही, पण तिथवर जरा सावकाश जाऊ.

मी कुठून बोलते ते आधी सांगते. कॉलेजात मी कधी शिकवलेलं नाही. एमएस्सी झाल्यावर ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्यात, आधी रबाळे आणि मग पावणे, अशी सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढली. आता संध्याकाळी कळव्यात घरीच चार-पाच मुलांना शिकवते. आयनन ऊर्जा, आयनांचे आकार हे सगळं मी दोनदा शिकले, एकदा परीक्षेसाठी आणि एकदा नोकरी टिकवण्यासाठी. दुसऱ्यांदा शिकलेलं डोक्यात राहिलं.

तर मुली, सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या जागी स्वतःला उभं कर. त्याला सारणी माहीत नाही, गण माहीत नाही, आवर्त माहीत नाही. त्याला दोनच गोष्टी जाणवतात: केंद्रकाची ओढ आपल्यापर्यंत किती पोचते, आणि आपण केंद्रकापासून किती लांब आहोत. बाकी सगळं या दोन्हींतून निघतं.

ओढ पूर्ण पोचत नाही, कारण मधे दुसरे इलेक्ट्रॉन आडवे येतात. याला पुस्तकात शील्डिंग म्हणतात, मी आडोसा म्हणते. तलावपाळीला विसर्जन बघायला उभी राहिलीस तर पुढच्या रांगेतला उंच माणूस गणपती झाकतो, तुझ्या शेजारी उभा असलेला फारसा झाकत नाही. इलेक्ट्रॉनांचंही तसंच. आतल्या कवचातला चांगला आडोसा करतो, त्याच कवचातला शेजारी थोडासाच.

थोडासा म्हणजे किती, हे जॉन स्लेटर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३० साली ठोकळ नियमांत बांधलं. एस आणि पी इलेक्ट्रॉनसाठी ते असे: त्याच कवचातला प्रत्येक शेजारी ०.३५ झाकतो, एक कवच आतला ०.८५, त्याहून आतला पूर्ण १. सोडियम घे. केंद्रकात ११ प्रोटॉन. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या आत आठ जणांचं कवच, त्याच्या आत दोघांचं. ८ गुणिले ०.८५ म्हणजे ६.८, अधिक २, एकूण ८.८ झाकलं गेलं. उरले २.२. अकरा प्रोटॉनांपैकी या बिचाऱ्याच्या वाट्याला सव्वादोन! आता त्याच आवर्तातला क्लोरिन: १७ मधून सहा शेजाऱ्यांचे २.१, आतल्या आठांचे ६.८ आणि २ वजा केले की उरतात ६.१. आडव्या बाणाची गोष्ट एवढीच. एक घर उजवीकडे सरकलं की केंद्रकात एक अख्खा प्रोटॉन वाढतो, पण बरोबर आलेला नवा इलेक्ट्रॉन शेजारीच बसतो आणि फक्त ०.३५ झाकतो. दर घरामागे ०.६५ ओढ शिल्लक पडत जाते. म्हणून अणू आक्रसतो आणि इलेक्ट्रॉन काढणं महाग होतं.

उभा बाण वेगळ्या कारणाने चालतो, आणि हे बहुतेक मुलांना कोणी सांगत नाही. पोटॅशियमचा हिशेब करून बघ: १९ मधून ६.८ आणि १० वजा. उरले २.२, म्हणजे सोडियमइतकेच! ओढ तीच, पण इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातून चौथ्यात गेला, लांब गेला. म्हणून आयनन ऊर्जा सोडियमची ४९६ किलोज्यूल प्रति मोल आणि पोटॅशियमची ४१९. आडवा बाण मुख्यतः ओढीचा, उभा बाण मुख्यतः अंतराचा. हे लक्षात राहिलं तर पुढे कुठे काय बिघडतं ते आपोआप दिसतं.

स्लेटरचे आकडे अगदी बरोबर नसतात. कागदाच्या पाठीवर करायचा हिशेब आहे तो, पण बहुतेक ठिकाणी दिशा चुकवत नाही.

आता नायट्रोजन. माझं ऐक आणि आलेखाचा कागद घे. आडव्या अक्षावर बोरॉनपासून निऑनपर्यंत सहा मूलद्रव्यं, उभ्या अक्षावर आयनन ऊर्जा. बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१. पहिले तीन बिंदू पट्टीने जोड. जवळजवळ सरळ रेघ येते, दर घराला तीनशेच्या आसपास चढ. तीच रेघ पुढे ओढलीस तर ऑक्सिजन सतराशेच्या वर असायला हवा होता. तो आहे १३१४ वर. मग फ्लोरिन आणि निऑन पुन्हा चढतात, पण ऑक्सिजनपासून नव्याने सुरुवात करून, पहिल्या रेघेच्या खाली.

आता सांग, अपवाद कोण? नायट्रोजन निमूटपणे चढावर उभा आहे. घसरला आहे तो ऑक्सिजन.

पुस्तकं उलटं सांगतात. "नायट्रोजनचं २पी अर्धं भरलेलं असतं म्हणून तो जास्त स्थिर" हे वाक्य परीक्षेत गुण देतं, लिहायचं तर लिही, पण मला ते आवडत नाही. त्याने कारण कळत नाही, मंत्र कळतो. कारण असं. २पी मध्ये तीन ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या तीन खोल्या, आहेत. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांचे इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये एकटे, आणि सगळ्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा गुण, त्याच्या दोनच दिशा असतात) एकाच दिशेचा. एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, त्यांच्यातलं प्रतिकर्षण त्यामुळे कमी राहतं. ऑक्सिजनचा चौथा इलेक्ट्रॉन येतो तेव्हा रिकामी खोली उरलेली नसते. त्याला उलट्या स्पिनने, आधीच कोणी राहत असलेल्या ऑर्बिटलमध्ये शिरावं लागतं. या दाटीवाटीमुळे तो बाहेर पडायला तयारच असतो. पुढे फ्लोरिन, निऑनचा नवा इलेक्ट्रॉनही जोडीत बसतो, पण दर घरामागे ओढ वाढतच असते, म्हणून चढ पुन्हा सुरू होतो. एक पायरी घसरते, जिना तोच राहतो.

हीच पायरी तिसऱ्या आवर्तात शोध. फॉस्फरस १०१२, सल्फर १०००. घसरण आहे, पण नगण्य, कारण तिसरं कवच मोठं आहे आणि जोडीने राहणाऱ्यांना तेवढी दाटी वाटत नाही. "अर्धं भरलेलं म्हणजे स्थिर" या मंत्रातून हा फरक कधीच कळला नसता.

बेरिलियम ८९९ आणि बोरॉन ८०१, तसंच मॅग्नेशियम ७३८ आणि ॲल्युमिनियम ५७८, ही घसरण निराळी. तिथे इलेक्ट्रॉन एस मधून पी मध्ये जातो. एस ऑर्बिटलचा इलेक्ट्रॉन काही वेळ थेट केंद्रकाजवळ घालवतो, पी चा तेवढा आत शिरत नाही, शिवाय एस वाले त्याला थोडा आडोसाही करतात. स्लेटरच्या नियमांत एस आणि पी एकाच टोपलीत टाकलेत, त्यामुळे ही घसरण त्या हिशेबात दिसणार नाही. तिथे तो हिशेब थांबतो.

आयनन ऊर्जा म्हणजे तक्त्यातला आकडा असं मलाही वाटायचं, रबाळ्याला पहिल्या वर्षी तोंडावर आपटेपर्यंत. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर, म्हणजे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर, एका नमुन्यातलं पोटॅशियम मोजायचं होतं. हवा आणि ॲसिटिलीनची ज्योत, तापमान साधारण २३०० अंश सेल्सियस. ज्योतीत पोटॅशियमचे सुटे अणू तयार होतात आणि ७६६.५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. किती शोषला त्यावरून किती पोटॅशियम. मी शुद्ध पोटॅशियम क्लोराइडची स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाची, द्रावणं केली, आलेख काढला, नमुना लावला, रिपोर्ट दिला. ग्राहकाच्या लॅबचा आकडा माझ्यापेक्षा बराच कमी आला. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मशीनला नावं ठेवली, पाण्याला नावं ठेवली. चूक माझी होती.

नमुन्यात सोडियम भरपूर होतं, माझ्या स्टँडर्डमध्ये अजिबात नव्हतं. पोटॅशियमची आयनन ऊर्जा ४१९, म्हणजे इतकी कमी की ज्योतीच्या उष्णतेनेच काही अणूंचा इलेक्ट्रॉन उडून जातो. उरतो तो आयन, आणि तो ७६६.५ ला शोषत नाही. माझ्या स्टँडर्डमधलं थोडं पोटॅशियम असं यंत्राच्या नजरेतून निसटत होतं. नमुन्यात मात्र सोडियमही थोडंफार आयनित होऊन ज्योतीत इलेक्ट्रॉन सोडत होतं, आणि ते जादा इलेक्ट्रॉन पोटॅशियमच्या आयनांना परत अणू बनवत होते. नमुन्यात दिसणारं पोटॅशियम वाढलं, स्टँडर्डमध्ये कमीच राहिलं, रिपोर्ट फुगला. आमच्या सीनियर बाईंनी एकही शब्द न बोलता कपाटातून सीझियम क्लोराइडची बाटली काढून टेबलावर ठेवली. सीझियमची आयनन ऊर्जा ३७६. नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये, दोन्हीकडे भरपूर घातलं की ज्योतीत इलेक्ट्रॉनांची इतकी रेलचेल होते की पोटॅशियमला आपला इलेक्ट्रॉन गमावायची सोयच उरत नाही. दोन्ही लॅबचे आकडे जुळले.

यामागचं गणित भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं होतं, सूर्याच्या वातावरणातल्या आयननासाठी. तापमान, दाब आणि आयनन ऊर्जा दिली की किती अणू आयनित होतील ते त्यांच्या समीकरणातून निघतं. ताऱ्यांसाठी लिहिलेलं समीकरण रबाळ्याच्या एका बर्नरवर लागू पडतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

४एस आणि ३डी चा घोटाळा मुळात भाषेचा आहे. "आधी ४एस भरतं, मग ३डी" असं म्हटलं की डोळ्यांसमोर म्हाडाची इमारत येते, खालचे मजले भरले की वरचे. अणू असा एकेक भाडेकरू घेत भरत नाही. पोटॅशियम, कॅल्शियम, स्कँडियम हे वेगवेगळे अणू आहेत आणि प्रत्येकाचं केंद्रक वेगळं, म्हणून ऑर्बिटलांच्या पातळ्याही प्रत्येकात वेगळ्या. पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ३डी ऑर्बिटल पसरट असतं, केंद्रकापर्यंत शिरत नाही, म्हणून इलेक्ट्रॉन ४एस मध्ये. पण पुढे प्रोटॉन वाढत जातात तसं ३डी झपाट्याने आत ओढलं जातं. लोहाचा हिशेब कर. ३डी च्या इलेक्ट्रॉनसाठी डी चे पाच शेजारी प्रत्येकी ०.३५, आतले अठरा प्रत्येकी पूर्ण १, एकूण १९.७५. २६ मधून वजा केले की उरते ओढ ६.२५. ४एस च्या इलेक्ट्रॉनसाठी एक शेजारी ०.३५, एक कवच आतले चौदा प्रत्येकी ०.८५ म्हणजे ११.९, त्याहून आतले दहा, एकूण २२.२५. उरते ३.७५. लोहात ४एस वाला कमी ओढीत आहे आणि लांबही आहे. मग आधी कोण जाणार? फेरस आयनमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहात, सहाही इलेक्ट्रॉन ३डी मध्येच राहतात आणि ४एस रिकामं असतं. तू पुढे विचारशील की ३डी जर खाली आहे तर ४एस चे दोघे आधीच तिथे का उतरत नाहीत. ३डी आटोपशीर आहे, तिथे गर्दी केली तर आपसातलं प्रतिकर्षण इतकं वाढतं की एकूण हिशेब तोट्यात जातो. क्रोमियम आणि तांब्यात हे पारडं थोडंसं कलतं आणि ४एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन राहतो.

फ्लोरिन-क्लोरिनचं उत्तर तू वर वाचलेलंच आहे: दाटी. दुसरं कवच एवढंसं, त्यात सात जण आधीच बसलेले, आठवा आला की त्याचं स्वागतही होतं आणि धक्काबुक्कीही. इलेक्ट्रॉन घेताना फ्लोरिन ३२८ किलोज्यूल सोडतो, क्लोरिन ३४९. ऑक्सिजन १४१ आणि सल्फर २०० यांचंही कारण हेच. मग ऑक्सिडीकारक म्हणून, म्हणजे दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन हिसकावण्यात, फ्लोरिन क्लोरिनच्या पुढे कसा? कारण फ्लोरिनच्या रेणूतला बंध तोडायला १५८ किलोज्यूल पुरतात, क्लोरिनचा तोडायला सुमारे २४२ लागतात, आणि पाण्यात फ्लोराइड आयन लहान असल्याने पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरून भरपूर ऊर्जा सोडतात. एकट्या अणूचा गुणधर्म आणि बाटलीतल्या पदार्थाचं वागणं यात नेहमी एवढं अंतर असतं. परीक्षक नेमके तिथेच खड्डा खणतात.

तसाच एक खड्डा आयनांच्या आकाराचा. लिथियम आयनची त्रिज्या ७६ पिकोमीटर, पोटॅशियम आयनची १३८. पाण्यात कोण चपळ? मुलं बिनधास्त लिथियम म्हणतात. प्रत्यक्षात २५ अंशाला मोलर वाहकता (आयन जितका चपळ तितकी ती जास्त) लिथियम आयनची ३८.७ आणि पोटॅशियमची ७३.५. लहान आयनवर प्रभार दाटून असतो, म्हणून तो पाण्याचे रेणू अंगाभोवती जास्त गोळा करतो आणि तो लवाजमा ओढत फिरतो. हे मला पावण्याच्या डीएम प्लांटने शिकवलं. बॉयलरसाठी पाणी क्षारमुक्त करायचं तर ते आधी कॅटायन रेझिनच्या, म्हणजे धन आयन पकडून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, बेडमधून जातं. बेड थकत आला की पहिला कोण निसटतो? कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. सोडियम. शिफ्टचे ऑपरेटर "सोडियम स्लिप आली" म्हणायचे आणि रिजनरेशन, म्हणजे बेड पुन्हा ताजा करणं, लावायचे. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, रेझिन त्याला घट्ट धरतं. सोडियमवर एकच, आणि तो पाणी गुंडाळून बसलेला, त्यामुळे पकड सैल. लिथियम पाण्यात असतं तर तो सोडियमच्याही आधी सुटला असता.

सोडियम आयनची त्रिज्या एका पुस्तकात ९५ दिसेल, दुसऱ्यात १०२. घाबरू नकोस, मोजण्याची आणि वाटून घेण्याची रीत वेगळी आहे. एकाच पुस्तकातले आकडे एकमेकांशी ताडून बघ, इकडचे तिकडे मिसळू नकोस. निऑनची त्रिज्या फ्लोरिनपेक्षा मोठी दिसते तीही याच भानगडीने: फ्लोरिनची मोजलेली असते बंधात, निऑन बंध करतच नाही.

आता गॅलियम, आणि माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग. ॲल्युमिनियमची धात्विक त्रिज्या १४३ पिकोमीटर, त्याच्याखालच्या गॅलियमची १३५. आयनन ऊर्जा ५७८ आणि ५७९, म्हणजे जैसे थे. उभा बाण इथे लंगडतो, कारण वर म्हटलं तसं तो तेव्हाच चालतो जेव्हा ओढ तशीच राहते आणि फक्त अंतर वाढतं. सोडियम ते पोटॅशियम मधे काही घुसलं नव्हतं. कॅल्शियम आणि गॅलियमच्या मधे मात्र स्कँडियम ते झिंक अशी दहा घरं घुसली आहेत. दहा प्रोटॉन वाढले, आणि त्यांना झाकायला आलेले दहा इलेक्ट्रॉन सगळे डी चे. डी ऑर्बिटल आडोसा करण्यात आळशी, तो केंद्रकाजवळ फारसा जातच नाही. स्लेटरच्या हिशेबाने ॲल्युमिनियमची ओढ ३.५ आणि गॅलियमची ५. अंतराने जे दिलं ते ओढीने परत घेतलं.

गॅलियमचं घर आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन मेंडेलिव्हने १८७१ मध्येच रिकामं ठेवून त्याचे गुणधर्म लिहून ठेवले होते, एका-ॲल्युमिनियम या नावाने. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये तो सापडला, घनता ४.७ आली. मेंडेलिव्हने कळवलं की नमुना अशुद्ध असणार, घनता ५.९ च्या आसपास हवी. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा बावीस वर्षं बाकी होती! आणि हो, गॅलियम २९.८ अंशाला वितळतो, म्हणजे मे महिन्यात ठाण्यात तो टेबलावर पाण्यासारखा पसरेल. पण त्याचा या आडोशाशी संबंध जोडू नकोस. द्रवणांक स्फटिकाच्या रचनेवर जातो, त्याला बाणांच्या मागे लावलं की गोंधळच होतो.

डी आळशी, तर एफ महाआळशी. सहाव्या आवर्तात लँथॅनाइडची चौदा घरं घुसतात, चौदा प्रोटॉन वाढतात आणि ४एफ चे चौदा इलेक्ट्रॉन जेमतेम आडोसा करतात. परिणाम असा की झिरकोनियमची त्रिज्या १६० आणि त्याच्याखालच्या हाफ्नियमची १५९. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना पलीकडे तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्टीवाल्यांसाठी ही एका पिकोमीटरची गोष्ट डोकेदुखी आहे. तारापूरसारख्या अणुभट्टीत इंधन झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण झिरकोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हाफ्नियम मात्र त्याच्यापेक्षा पाचशेपटींहून जास्त गिळतो. खनिजात दोघं कायम एकत्र सापडतात आणि आकार, प्रभार, वागणं सगळं सारखं, त्यामुळे त्यांना वेगळं करणं अतिशय किचकट. रसायनशास्त्र बाहेरच्या इलेक्ट्रॉनकडे बघतं, तिथे फरक नाही. न्यूट्रॉन थेट केंद्रकाशी बोलतो, तिथे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हेच तुला नौपाड्यात गोखले रोडवरच्या कुठल्याही सराफाकडे बघता येईल. चांदी आणि तिच्याखालचं सोनं, दोघांची धात्विक त्रिज्या १४४ पिकोमीटर, दोघांच्या स्फटिकाची रचनाही एकच. अणुवस्तुमान चांदीचं १०७.९, सोन्याचं १९७, म्हणजे १.८३ पट. घनता १०.५ आणि १९.३, म्हणजे १.८४ पट. सोनं हाताला जड लागतं ते याच कारणाने: अणूचं घर तेवढंच, आतला ऐवज दुपटीच्या जवळ. आयनन ऊर्जा चांदीची ७३१, सोन्याची ८९०. खाली उतरल्यावर कमी व्हायची ती वाढली. यात ४एफ चा आळस आहे आणि आणखी एक गोष्ट. ७९ प्रोटॉनांच्या ओढीत सोन्याचा सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या साधारण ५८ टक्के वेगाने फिरतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे एस ऑर्बिटलं आक्रसतात, सगळ्यात बाहेरचं ६एस सुद्धा. सोन्याचा पिवळा रंगही त्यातूनच येतो, नाहीतर ते चांदीसारखंच दिसलं असतं. आयनन ऊर्जा चांदीपेक्षा एवढी जास्त असण्याचा आणि सोनं हवेत काळवंडत नसण्याचा एकमेकांशी संबंध आहे, पण सगळं श्रेय त्या एका आकड्याला देऊ नकोस.

त्या सराफाकडे कॅरट तपासायचं मशीन असेल तर दोन मिनिटं उभी राहा. ते क्ष-किरण टाकतं आणि दागिन्यातून परत आलेल्या क्ष-किरणांची ऊर्जा मोजतं. १९१३ मध्ये हेन्री मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की या ऊर्जेचं वर्गमूळ अणुअंकाबरोबर सरळ रेघेत चढतं, आणि सारणीचा क्रम वस्तुमानावर नाही, प्रोटॉनांच्या संख्येवर आहे हे तेव्हा पक्कं झालं. दोन वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. त्याचं सूत्र सोपं आहे. अणुअंकातून १ वजा कर, वर्ग कर, १०.२ ने गुण, उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. तांबं २९: २८ चा वर्ग ७८४, गुणिले १०.२ म्हणजे ७९९७. मशीनच्या पडद्यावर तांब्याची शिखररेषा ८०५० च्या आसपास दिसते. तो वजा केलेला १ कुठून आला? सगळ्यात आतल्या कवचातला एक इलेक्ट्रॉन उडाला की मागे एक उरतो, आणि बाहेरून खाली उडी मारणाऱ्याला तो एकच आडोसा करतो. स्लेटरच्या सतरा वर्षं आधी कागदावर आलेला हा आडोशाचा आकडा. सोन्याच्या रेषा वेगळ्या कवचातल्या असतात, त्यांना हे सूत्र लावू नकोस.

आता तुझं काम. सोमवारपर्यंत पहिल्या वीस मूलद्रव्यांची आयनन ऊर्जा आलेखावर मांड आणि प्रत्येक घसरणीशेजारी एकच शब्द लिही: अंतर, आडोसा की दाटी. मग त्याच कागदाच्या कोपऱ्यात तेरावा गण काढ. बोरॉन ८०१, ॲल्युमिनियम ५७८, गॅलियम ५७९, इंडियम ५५८, थॅलियम ५८९. शेवटचा आकडा पुन्हा वर गेला आहे. हा कुठल्याही क्लासच्या नोट्समध्ये अपवाद म्हणून सापडेल, पण तू नोट्स उघडू नकोस. इंडियम आणि थॅलियमच्या मधे कोण घुसलं ते मोज, आणि ८१ प्रोटॉनांचं काय होतं ते लिहून आण.